रस, गूळ, साखर : मिश्रणे वेगळी कशी होतात

द्रव्याचे वर्गीकरण एका प्रश्नापासून सुरू होते. समोरचा पदार्थ एकाच प्रकारच्या कणांचा बनलेला आहे, की त्यात अनेक प्रकारचे कण एकत्र आले आहेत? राजारामपुरीतल्या किराणा दुकानात साखर, गूळ आणि काकवी एकाच फळीवर सापडतात. तिन्ही पदार्थ उसाच्या रसातून येतात आणि तिन्ही गोड असतात. रसायनशास्त्र मात्र त्यांना एका रांगेत बसवत नाही. साखर हा जवळजवळ शुद्ध पदार्थ आहे, कारण तिच्यात ९९.५ टक्क्यांहून अधिक सुक्रोज असते. गूळ हे मिश्रण आहे आणि काकवी हेही मिश्रणच. रसापासून साखरेपर्यंतच्या वाटेवर निवळणे, गाळणे, आटवणे, स्फटिक पाडणे, गरगर फिरवून वेगळे करणे या जवळपास सगळ्या पद्धती भेटतात, आणि मळीपासून अल्कोहोल काढायचे म्हटले की ऊर्ध्वपातनही येते. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला हा धडा शिकायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

शुद्ध पदार्थांचे दोन प्रकार आहेत. ज्याचे रासायनिक रीतीने आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही ते मूलद्रव्य. सोने, चांदी, कार्बन, ऑक्सिजन ही मूलद्रव्ये आहेत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने १७८९ मध्ये अशा ३३ पदार्थांची यादी छापली. तिच्यात प्रकाश आणि उष्णताही होती, चुनाही होता. पुढे काही नावे गळाली, अनेक नवी आली. व्याख्या मात्र टिकली. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात रासायनिक रीतीने जोडली गेली की संयुग तयार होते. सुक्रोजच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. वजनाने पाहिले तर कार्बन ४२.१ टक्के, हायड्रोजन ६.५ टक्के आणि ऑक्सिजन ५१.४ टक्के. हे प्रमाण कधीच बदलत नाही. बर्लिनमध्ये आंद्रेआस मारग्राफ याने १७४७ मध्ये बिटाच्या कंदातून साखर वेगळी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे स्फटिक पाहिले आणि ती उसाच्या साखरेसारखीच असल्याचे दाखवून दिले. करवीर तालुक्यातल्या उसाची असो की जर्मनीतल्या बिटाची, सुक्रोज ते सुक्रोजच.

मिश्रणाला असे सूत्र नसते. एका गुऱ्हाळातल्या गुळात पाणी थोडे जास्त असेल, दुसऱ्यात खनिजे जास्त असतील, पण दोन्हीला गूळच म्हणतात. घटक कोणत्याही प्रमाणात एकत्र येऊ शकतात आणि प्रत्येक घटक आपले गुणधर्म जपून ठेवतो. पृथक्करण शक्य होते ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. मिश्रणातले घटक एकमेकांशी रासायनिक बंधाने बांधलेले नसल्यामुळे त्यांच्या एखाद्या गुणधर्मातला फरक पकडून त्यांना वेगळे करता येते. कणांचा आकार, घनता, विद्राव्यता, उत्कलनबिंदू, यांपैकी कशात फरक आहे हे आधी ओळखावे लागते. पद्धत त्यावरून ठरते. शाळेत पद्धतींची यादी पाठ करून घेतली जाते आणि हा धागा सुटतो. यादीपेक्षा फरक ओळखण्याची सवय महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रासारखे विषय मराठीत आणण्यासाठी पुस्तके लिहिली. गुऱ्हाळघर अवतीभवती असलेल्या मुलखात हे शास्त्र मायबोलीत यावे हे फार योग्य झाले, कारण त्यातले पुष्कळसे ज्ञान इथल्या हातांना आधीच होते.

मिश्रणांचेही प्रकार पडतात. सगळीकडे सारखे असते ते समांगी आणि जागोजागी वेगळे असते ते विषमांगी. मिठाचे पाणी समांगी आहे. त्याला द्रावण म्हणतात आणि त्यातले कण एका नॅनोमीटरहून लहान, म्हणजे सुट्या रेणूंच्या किंवा आयनांच्या मापाचे असतात. गढूळ पाणी विषमांगी आहे. त्यातले मातीचे मोठे कण थोडा वेळ तरंगतात आणि मग खाली बसतात. हे निलंबन. या दोहोंच्या मधे कलिल येते. त्यातले कण साधारण १ ते १००० नॅनोमीटर आकाराचे असतात. ते स्वतःहून खाली बसत नाहीत, साध्या गाळणकागदातूनही निसटतात, पण प्रकाशाचा झोत विखुरण्याइतके मोठे असतात. दूध हे कलिल आहे. दुधातून पलीकडचे दिसत नाही ते या विखुरण्यामुळे.

उसाचा ताजा रस या तिन्ही वर्गांत एकाच वेळी मोडतो. त्यात साधारण पाच भागांतले चार भाग पाणी असते. सुक्रोज, थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, काही क्षार आणि सेंद्रिय आम्ले त्या पाण्यात विरघळलेली असतात. हे झाले द्रावण. प्रथिने, डिंकासारखे पदार्थ आणि मेणाचे बारीक कण कलिल अवस्थेत असतात, म्हणून रस हिरवट, गढूळ दिसतो. चिपाडाचे तंतू आणि मातीचे कण हे निलंबन. गुऱ्हाळात जे काम चालते ते या तीन थरांना क्रमाने हात घालते.

पहिली पायरी घाण्याची. लाटांच्या दाबाखाली उसाच्या पेशी फुटतात आणि रस बाहेर येतो. गुऱ्हाळाच्या घाण्यात उसाच्या वजनाच्या साधारण ६० ते ७० टक्के रस निघतो, बाकीचा चिपाडातच राहतो. साखर कारखान्यात चिपाडावर गरम पाणी शिंपडून ते पुन्हा पुन्हा पिळतात. मागे राहिलेली साखर त्या पाण्यात विरघळून बाहेर येते, त्यामुळे तिथे उसातली ९५ टक्क्यांच्या आसपास साखर हाती लागते. दाबाने जे निघत नाही ते विद्राव्यतेने काढायचे, हा त्यातला विचार. चहाचा अर्क उतरतो तोही याच तत्त्वाने, आणि शास्त्रात त्याला निष्कर्षण म्हणतात.

रस जाळीतून गाळला की चिपाडाचे तुकडे अडकतात. हौदात थोडा वेळ ठेवला की माती तळाशी बसते. निलंबनाचा प्रश्न इथे मिटतो. मग रस काहिलीत येतो, खाली चुलाणात वाळलेले चिपाड धगधगते आणि खरी परीक्षा सुरू होते, कारण आता कलिलाशी गाठ असते. कलिलातले कण सहसा सारख्या विद्युतभाराचे असतात. ते एकमेकांना दूर ढकलत राहतात, म्हणून एकत्र येऊन मोठे होत नाहीत. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते आणि ती गोठू लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. गूळ करणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, जंगली भेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजवतो आणि तो बुळबुळीत चीक रसात सोडतो. या चिकातले लांबलचक शर्करासाखळ्यांचे रेणू एकाच वेळी अनेक कणांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके बनवतात. उकळीच्या आधी सुटणारे वाफेचे आणि हवेचे बारीक बुडबुडे हे पुंजके वर उचलतात आणि पृष्ठभागावर मळीचा जाड थर येतो. तो मोठ्या झाऱ्याने काढून टाकायचा. हे काम उकळी फुटण्यापूर्वी साधावे लागते. एकदा रस खळखळू लागला की मळी पुन्हा आत मिसळते आणि मग ती कुठल्याही झाऱ्याला सापडत नाही. अनुभवी गुळव्याची किंमत कळते ती या काही मिनिटांत.

नदीचे गढूळ पाणी शुद्ध करताना तुरटीजातीचे क्षार वापरतात, तिथेही शत्रू हाच असतो, कलिल अवस्थेतली माती. ॲल्युमिनियमचे धनभारित आयन चिकणमातीच्या ऋणभारित कणांचा भार मोडतात आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका त्यांना गोळा करतो. फरक इतकाच की जलशुद्धीकरण केंद्रात पुंजके जड होऊन खाली बसतात आणि काहिलीत ते हलके होऊन वर येतात. पावसाळ्यात पंचगंगा तांबडी होते तेव्हा ही प्रक्रिया नसती, तर पाणी वाळूच्या थरांतून कितीही गाळले तरी गढूळच राहिले असते.

रसात थोडी चुन्याची निवळीही घालतात. ताजा रस किंचित आंबट असतो. त्याचा पीएच साधारण ५.२ ते ५.४ असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोजचा रेणू पाणी घेऊन फुटतो आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. हा रासायनिक बदल आहे, पृथक्करण नव्हे. गाळण्याने किंवा आटवण्याने पदार्थ तेच राहतात, फक्त वेगळे होतात. इथे मात्र एक पदार्थ नाहीसा होऊन दोन नवे जन्मतात. ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढले की गूळ मऊ पडतो, ओल धरतो, रव्याचा, म्हणजे ढेपेचा, आकार टिकत नाही. चुना आम्ल मारतो आणि हे फुटणे कमी करतो. चुना जास्त झाला तर उलटेच घडते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अल्कलीत टिकत नाहीत, त्यांच्यापासून गडद रंगाची द्रव्ये बनतात आणि गूळ काळपट पडतो.

गुळाच्या रंगाबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवे. बाजारात पिवळाधमक गूळ पाहणाऱ्याला भुरळ घालतो, म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालतात. हे रसायन रंगद्रव्यांचे क्षपण करून त्यांचा रंग घालवते. ते काहीही वेगळे करत नाही. मळ होता तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो, आणि गुळात गंधकाची संयुगे उरतात. साठवणीत हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की रंग पुन्हा गडद होऊ लागतो. भेंडीचा चीक आणि हायड्रोस यांचा परिणाम वरवर सारखा वाटतो. एकाने अशुद्धी बाहेर जाते, दुसऱ्याने ती झाकली जाते. खरे शुद्धीकरण काय आणि नुसता देखावा काय, हे विद्यार्थ्याने या जोडीवरून शिकावे. गिऱ्हाइकानेही तपकिरी गुळाला कमी लेखू नये.

मळी निघाली की उरते द्रावण, आणि द्रावणातले पाणी काढायला बाष्पीभवनाखेरीज सोपा मार्ग नाही. सुक्रोज काही उडून जात नाही, पाणी उडते. उत्कलनबिंदूतला हा फरक प्रचंड आहे. पाणी कमी होत जाते तसा पाक अधिकाधिक तापमानाला उकळतो, कारण साखरेच्या रेणूंच्या गर्दीत पाण्याला वाफ होणे अवघड जाते. त्यामुळे उकळत्या पाकाचे तापमान हेच त्याच्या दाटपणाचे माप ठरते. १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवला तर काकवी मिळते. ११८ ते १२० अंशांपर्यंत नेला तर घट्ट गूळ होतो. गुळव्या तापमापक न लावताही हे ओळखतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते तो पाहतो. मग आधण वाफ्यात ओतून घोटतात आणि साच्यांत भरून रवे पाडतात. शंभर किलो उसातून असा दहा ते बारा किलो गूळ निघतो. शाहूपुरीची गुळाची पेठ आणि नंतरचे मार्केट यार्ड यांमुळे या गुळाला देशभर नाव मिळाले आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

गुऱ्हाळ इथे थांबते. पाणी गेले, पण सुक्रोजबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज, लोह आणि कॅल्शियमसारखी खनिजे, रंगद्रव्ये, सगळी एकत्र गोठली. गुळाला चव आणि वास आहे तो याच सोबत्यांमुळे. ज्यांना फक्त सुक्रोज हवे त्यांना एक पाऊल पुढे जावे लागते.

कसबा बावड्यातल्या छत्रपती राजाराम कारखान्यासारख्या साखर कारखान्यात रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन निवळतात. इथल्या गंधकाचे काम हायड्रोसहून वेगळे आहे. चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम सल्फाइटचा साका पडतो, तो रंग आणि कलिल कण धरून ठेवतो आणि गाळून बाहेर काढला जातो. मग पाक बंद भांड्यात कमी दाबाखाली आटवतात. दाब कमी केला की पाणी ६०-७० अंशांनाच उकळते, साखर करपत नाही आणि फुटतही नाही. इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड याने १८१३ च्या सुमारास ही निर्वात कढई आणली आणि साखरधंद्याचे रूप पालटले.

पाक पुरेसा दाट झाला की सुक्रोजचे स्फटिक वाढू लागतात. स्फटिकीभवन ही शुद्धीकरणाची फार सुंदर पद्धत आहे. स्फटिकात रेणू ठरावीक मांडणीत बसतात आणि वेगळ्या आकाराच्या रेणूला त्या मांडणीत जागा मिळत नाही. ग्लुकोज, क्षार आणि रंग बाहेरच्या द्रवात ढकलले जातात. खडीसाखरेचा मोठा स्फटिक इतका स्वच्छ असतो तो या कारणाने. पुढे स्फटिक आणि चिकट द्रव वेगळे करायचे उरतात. ते मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेणाऱ्या जाळीदार पिंपात होते. द्रव जाळीतून बाहेर फेकला जातो आणि पांढरे दाणे आत राहतात. याला अपकेंद्री पद्धत म्हणतात. दुधातली साय काढणारे यंत्रही याच तत्त्वावर चालते. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल याने ते १८७८ मध्ये बनवले. स्निग्ध कण हलके असल्याने मधे गोळा होतात आणि बाकीचे दूध कडेला जाते. म्हशीच्या दुधाचा मुलूख असलेल्या कोल्हापुरात या यंत्राचे महत्त्व निराळे सांगायला नको.

स्फटिकीभवन सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते आणि १०० अंशांना पावणेपाचशे ग्रॅमहून अधिक. म्हणून गरम संपृक्त पाक थंड केला की साखर बाहेर पडते. मिठाचे तसे नाही. २० अंशांना ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना ३९ ग्रॅम, म्हणजे थंड करून जवळपास काहीच हाती येत नाही. मिठासाठी पाणी उडवूनच द्यावे लागते. घाट उतरून गेले की शिरोड्याची मिठागरे लागतात, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. सुमारे साडेतीन टक्के क्षार असलेले समुद्राचे पाणी तिथे उन्हात आटते. आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार पाण्यातच उरतात. ते पाणी वेळेवर काढून टाकले नाही तर मीठ कडू होते.

घनतेवर चालणारे पृथक्करण पाहायचे तर सराफी पेठेकडे वळावे. कोल्हापूरच्या गुजरीसारख्या पेठांत सोनाराच्या दुकानातला केर फुकट जात नाही. त्यात कानसेने घासलेले सोन्याचे कण असतात. झारेकरी हा केर आणि राख विकत घेतो, जाळतो, कुटतो आणि उथळ पात्रात पाण्याने धुतो. सोन्याची घनता घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, वाळूची सुमारे २.६. पाणी हलवले की माती वाहून जाते आणि सोने तळाशी राहते. पण दागिन्याचे सोने स्वतःच मिश्रण असते. २२ कॅरेटच्या सोन्यात ९१.६ टक्के सोने आणि बाकी तांबे किंवा चांदी असते, आणि ते अणूंच्या पातळीवर मिसळलेले, समांगी असते. ते कितीही धुतले, कितीदाही वितळवले तरी वेगळे होत नाही. तिथे रसायन लागते. सोन्यात चांदी मिसळून सोन्याचा वाटा साधारण चौथाईवर आणतात आणि ते नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी आणि तांबे आम्लात विरघळतात, सोने काळपट भुकटीच्या रूपात उरते. द्रावणात तांब्याचा पत्रा ठेवला की चांदी परत मिळते. या कामात विषारी तपकिरी धूर निघतो. दाट वस्तीत, उघड्यावर हे काम करणाऱ्यांचे आरोग्य धोक्यात येते, याकडे दुर्लक्ष होता कामा नये.

फार थोड्या प्रमाणातले आणि गुणधर्मांनी जवळचे पदार्थ वेगळे करायला रंजकद्रव्य पृथक्करण उपयोगी पडते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतली हिरवी आणि पिवळी रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून जाऊ दिली. कुणी खडूला जास्त चिकटले, कुणी द्रावकाबरोबर पुढे पळाले आणि नळीत रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटले. शाळेत शाईचा ठिपका लावलेली टीपकागदाची पट्टी पाण्यात उभी करतात, तो प्रयोग याचाच. काळ्या शाईतून निळा, जांभळा, पिवळा असे रंग फुटताना दिसतात.

साखर कारखान्यात स्फटिक काढल्यावर उरलेल्या चिकट द्रवालाही मळीच म्हणतात. तिच्यात जवळपास निम्मी साखरच असते, पण अशुद्धी इतकी साचलेली असते की तिचे स्फटिक परवडेल अशा खर्चात पडत नाहीत. पृथक्करण जिथे थकते तिथे यीस्टला कामाला लावतात. ते साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. हाही रासायनिक बदल. आंबवलेल्या द्रवात सुमारे ८ ते १० टक्के अल्कोहोल असते. अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना, म्हणून उंच मनोऱ्यात भागशः ऊर्ध्वपातन करतात. मनोऱ्याच्या प्रत्येक थाळीवर वाफ थोडी थंड होऊन पुन्हा उकळते आणि वर जाताना अल्कोहोलने अधिक समृद्ध होते. मात्र वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल झाले की गाडी अडते. त्या प्रमाणाचे मिश्रण ७८.२ अंशांना असे उकळते की द्रवात जे प्रमाण तेच वाफेत. उत्कलनबिंदूचा फरक इथे संपतो, मग मनोरा कितीही उंच करा. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमध्ये एवढे पाणी चालत नाही, कारण पाण्यामुळे इथेनॉल पेट्रोलपासून फुटून वेगळे होऊ शकते. म्हणून दुसरा गुणधर्म शोधावा लागतो, तो म्हणजे रेणूचा आकार. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत ०.३ नॅनोमीटरची छिद्रे असतात. पाण्याचा रेणू ०.२८ नॅनोमीटरच्या आसपास, तो आत शिरतो आणि धरला जातो. इथेनॉलचा रेणू ०.४४ नॅनोमीटरचा, तो बाहेरच राहतो आणि पुढे निघून जातो. दाणे पाण्याने भरले की तापवून किंवा दाब कमी करून कोरडे करतात आणि पुन्हा वापरतात. पलीकडे ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध इथेनॉल जमा होते.